बोटाचा डाग समजून

मंचर,
रविवार, २० एप्रिल २०२५

प्रिय अब्बा,

सलाम. अम्मीलाही सांगा. ईदपासून तुम्ही माझा फोन घेत नाही, म्हणून हमदानभाईच्या हाती चिठ्ठी देतेय. ही तरी फेकू नका!

आधी बातमी. काल आम्ही एक पातं कापलं आणि मी जिंकले! वीज बनवणाऱ्या टर्बाइनचं, पंज्याएवढं. तुमची कल्हई तांब्यावर बसते तसा त्याच्यावर लेप असतो. वरून अगदी निर्दोष. आम्ही काय करतो, दिव्याचा लख्ख झोत मारतो. पातं तापतं आणि लगेच निवायला लागतं, ते कॅमेऱ्यात रंगांत दिसतं. लेपाखाली पोकळी असेल तिथली उष्णता आत जाऊ शकत नाही. सगळं निवलं तरी तेवढा ठिपका उजळच राहतो. बघायला या एकदा, तुम्हीही खुळे व्हाल!

हे पातं पास होऊन, बाकीच्या एकोणचाळीसांबरोबर पाठवायच्या खोक्यात गेलेलं. मी म्हटलं, चाळीसच्या चाळीस परत काढा. आमचे तपासणीचे सूरज साहेब म्हणाले, "कापल्यावर आत काय नाय निघालं, तर तू घरी." निघालं, अब्बा! लेप धातूपासून केसभर सुटलेला. माझ्याबरोबर काम करणाऱ्या तेजस्विनीनं मला उचलूनच घेतलं.

तुम्ही विचारालच, खोक्यात गेलं कसं? मीच पाठवलं. पात्यांना आधी काळा रंग फासतात. बोट लागलं की तो पुसला जातो आणि तिथंही ठिपका दिसतो. या पात्यावरचा ठिपकाही तसाच असेल म्हणून मंगळवारी मी ओके केलं. धुऊन, पुन्हा रंगवून बघायचं असतं. बघितलं नाही. ईदला तुम्ही म्हणालात ना, "बघायचं काम मशीन करतंय, तू नुसती बसतीस." तेव्हापासून तुम्हाला दाखवायला मी दुप्पट पाती तपासून काढत होते. शुक्रवारी त्याचं साठवलेलं चित्र पुन्हा उघडून बघितलं. लगेच स्वतः जाऊन साहेबांना सांगितलं. कॅमेऱ्यानं मंगळवारीच दाखवलं होतं, बघितलं मी शुक्रवारी.

साहेबांनी माझा तपासणीचा शिक्का काढून घेतलाय. महिनाभर पाती धुवायची, मग पुन्हा परीक्षा. रडले, पण काल माझी नजर खरी ठरली; शिक्का मिळाला तेव्हाही इतकी खुशी नव्हती झाली.

उरलेल्या एकोणचाळीसांवर माझाच शिक्का आहे. उद्यापासून ती मीच धुणार. पुन्हा तपासताना त्यांत आणखी एखादं खराब निघालं, तर तेही तुम्हाला लिहीन.

चुकलेली, आणि ते स्वतः सांगणारी,
तुमची समरीन