निरोगी बाईच्या रकान्यातली तू

आये, तू मला फसवलंस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे काही माझ्या गळ्याखाली उतरत नाही, म्हणून आधी तेच लिहिते.

पेडण्याच्या आपल्या स्वयंपाकघरात तू सोलकढीसाठी नारळ खवत बसली आहेस आणि मी पणजीच्या प्रयोगशाळेतून येऊन, पाय धुवायच्या आधीच, हुशारी पाजळते आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झालेल्या बायकांच्या रक्तात आम्ही काय मोजतो ते सांगते. शरीरात सतत काहीतरी जाळणारं तयार होतं आणि त्याला आवरणारी द्रव्यं या बायकांत कमी पडतात. "म्हणजे कोयत्याक गंज धरता तसा?" तू विचारतेस. मी खूश. मग नारळावरची नजर न काढता, "त्यांका रगत किती दीस जाता गो?" मला वाटलं, लेकीच्या कामाचं कौतुक. कसलं कौतुक! तू स्वतःचं विचारत होतीस.

पाळी गेल्यावर देवीच्या नैवेद्याचा मान तुझ्याकडे आला होता. दर महिन्याचे चार दिवस मागच्या पडवीत बसून काढलेस, आता कुठे देवळाची चूल तुझी झाली होती. पुन्हा रक्त दिसतंय हे कळलं असतं तर तू परत पडवीत. शेजारच्या काकीला मात्र सांगितलंस, वर लेकीपासून लपवायची शपथ घातलीस, "चेडवाक सांगू नको, माझो नैवेद्य बंद होतलो." त्याच कॅन्सरनं तू गेलीस, आणि काकी हे मला बोलली तुझ्या बाराव्याला, वडे वाढता वाढता. तिला माहीत, मला नाही. दुसऱ्यांच्या आयांचं रक्त तपासणारी मी! राग येतो आये, अजून येतो.

तुलनेसाठी निरोगी बायकांचं रक्त हवं होतं तेव्हा तूच हात पुढे केलास, "माझा घे गो." त्या आवरणाऱ्या द्रव्यांचा तुझा आकडा आजारी बायकांसारखाच उतरलेला. नुसत्या आकड्यावरून आजार ठरत नाही, पण घरी येऊन तुला विचारता आलं असतं. मी म्हटलं, पणजीला नेताना बसमध्ये नळी तापली असेल, आणि ओतून टाकली.

सगळा दोष तुझ्यावर घालून हे पत्र खणात ठेवणार होते. पण तुझं रक्त घेताना भरलेल्या फॉर्मवर एक ओळ होती: अवेळी रक्त जातं का, बाईला विचारून भरावं. तू समोरच बसली होतीस. आईला असलं काय विचारायचं, मला लाज वाटली. मी न विचारताच 'नाही' लिहिलं.