ढिगाच्या माथ्यावरची वाळू

२ मे
आलो एकदाचे! नदीच्या बांधावर नोकरी आणि बांधाच्या पायथ्याशीच दोन खोल्यांचं घर. ओटा मोठा आहे म्हणून बायको खूश. आमची सहा वर्षांची चिमणी उतारावरून गडगडत खाली येते, तीही खूश. काम सोपं आहे. बांधाखालून थोडं पाणी झिरपणारच. ते जाऊ द्यायचं, पण माती अडवायची. त्यासाठी पायथ्याला बारीक वाळूचा थर घालायचा. चहा खाली, चोथा गाळणीत. बायको म्हणाली, एवढ्यासाठी पगार देतात होय तुम्हाला?

९ मे
वाळूचे ट्रक आले, ढीग पडले. म्हातारा मुकादम म्हणाला, नमुना पोटातून आणि बुडातूनही घ्या. जाड खडे घरंगळून खाली जातात, माथ्यावर बारीकच राहते. डोकंच फिरलं माझं. मला शिकवतो! माथ्यावरची चार फावडी घेतली, चाळली, पास करून सही ठोकली. उन्हात कोण ढीग उकरत बसणार?

३० जून
थर घालून झाला. नदी चढतेय, पण झिरपणारं पाणी नितळ आहे. जिरली मुकादमाची!

१८ जुलै
पाणी गढूळ आलं. बादलीत धरून ठेवलं तर तासाभरात तळाशी बोटभर माती. बांधाखालची माती. जाड वाळूच्या फटींतून निघून चाललीय. मुकादम म्हणाला, आता बांध पोटातून पोखरला जाणार, वरून कळायचंही नाही. साहेबांच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. सही माझी आहे ना. भेकड लेकाचा मी.

२० जुलै
मुकादम बारीक वाळू आणा म्हणत होता. मी सिमेंटची पोती टाकून गढूळ पाणी येत होतं ते तोंडच बुजवलं. पाणी थांबलं. हुश्श! बायको चिमणीला घेऊन आईकडे जाऊ का म्हणत होती. म्हटलं, अगं, माझ्या हातचं काम आहे ते, निर्धास्त राहा.

२२ जुलै
आमच्या अंगणात तीन जागी पाणी फुटलं. मातीचे छोटे डोंगर, मधे भोक, आत खळखळ. मुकादम म्हणाला, तिकडे कोंडलेलं पाणी इकडे फुटलं. मी सगळ्यांवर खेकसतोय.

२३ जुलै, सकाळ
बांधाच्या माथ्यावर सळई खुपसली. हातभर गेली, मग — खाली काहीच लागेना. पोकळ. साहेबांना सगळं सांगितलं. ते भोंगा वाजवायला पळाले. घरचा फोन लागत नाही.

अकरा वाजता
पायऱ्यांकडचा माथा खचला. मी माथ्यावरच, इकडच्या पहाऱ्याच्या चौकीत, एकटा. उतारही ढासळतोय, उतरायला वाट नाही. भोंगा अजून —
खाली घराच्या खिडकीत दोघी आल्यात. मी हात हलवतोय, पळा म्हणून. बायकोही हात हलवतेय. हसतेय. मी नीट दिसावा म्हणून तिनं चिमणीला उचलून —
अगं, पळ —
फरशी खाली चाल