पहिला भाग सोडला तरी चालेल

२ मार्च २०२५
आजपासून मेडिकलचा अभ्यास. एमबीबीएसला लोक कित्येक वर्षं घालवतात, त्यातला निम्मा वेळ गॅदरिंग आणि मेसच्या जेवणात जातो. माझ्याकडे व्हिडिओ आहेत आणि दुकानात गिऱ्हाईक नाही.

कारण लिहून ठेवतो, डायरीपासून काय लपवायचं. रामकिसनमामांनी स्थळ आणलंय. दिपाली, पाटोद्याची, बीडच्या एका हॉस्पिटलात नर्स. फोटो पाहिला. फार आवडली. इतकी की लगेच कलर झेरॉक्स काढून ठेवली. तिची म्हणे एकच अट आहे, नवऱ्याला तिच्या कामातलं थोडं तरी कळलं पाहिजे. थोडं कशाला?

वय तेहतीस. वडवणी स्टँडसमोर स्वतःचं झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान. याआधीची सगळी स्थळं समोरच्यांच्याच चुकीने हुकली. या वेळी मी त्यांना चूक करू देणार नाही.

५ मार्च
हृदय संपवलं. दीडच्या स्पीडवर. व्हिडिओतले सर फार छान समजावतात.

६ मार्च
किडनी. दोन्ही सारख्याच असल्याने एकच पाहिली.

बायोडाटात "आवड: मानवी शरीर" असं टाकलं होतं. रामकिसनमामांनी खोडायला लावलं. कारण सांगितलं नाही. जुनी माणसं.

१४ मार्च
शेजारच्या चहावाल्या पप्पूला छातीत जळजळ होत होती. मी वहीवर चित्र काढून त्याला कुठली नळी बंद पडत असावी ते दाखवलं. तो बायकोला घेऊन जीपने बीडला गेला, सगळ्या तपासण्या केल्या. ॲसिडिटी निघाली. मी म्हणालो, बरं झालं ना मग? आजपासून माझ्या चहात साखर नाही.

२३ मार्च
ऑपरेशनचा पहिला व्हिडिओ. अपेंडिक्स. कातडी कापेपर्यंत नीट पाहिलं. पुढे रेंजचा प्रॉब्लेम येईल असं वाटल्याने फोन उलटा ठेवला आणि नुसती कॉमेंट्री ऐकली. ऐकूनही सगळं समजतं. जरा घाम आला. उन्हाळा लागलाच आहे.

३ एप्रिल
आज सीपीआर. माणसाचं हृदय थांबलं तर छाती दाबून त्याला परत आणायचं. हेच माझं क्षेत्र.

एकूण तीन भाग आहेत. पहिला सोडला. त्यात म्हणे पेशंटला हलवून हाक मारायला शिकवतात. हाक मला मारता येते. थेट दुसरा लावला.

१० एप्रिल
रोज सकाळी सरकी पेंडीच्या पोत्यावर प्रॅक्टिस. आई विचारत होती, "सोम्या, त्या पोत्याला कावून बडवायलास? म्हशीला काय खाऊ घालू मी?" आज पोत्याची शिवण उसवली. म्हणजे दाब बरोबर पडतोय.

आता फक्त पेशंट पाहिजे.

१८ एप्रिल
बाजाराचा दिवस, ऊन कडक, त्यामुळे मोठ्या आशेने बाजारात फिरलो. कांद्याच्या ढिगाजवळ आमच्या गल्लीतल्या भिवराबाई चक्कर येऊन खाली बसल्या. मी बाह्या वर करत पोचेपर्यंत कुणीतरी पाणी पाजलं आणि त्या उठून कांदे निवडायला लागल्या. लोक उगाच घाई करतात.

२६ एप्रिल
उद्या दिपालीचे वडील बद्रीनाथराव घर बघायला येणार. त्यांनी हो म्हटलं तर मुलगी बघायचा कार्यक्रम, मग सुपारी. आईने म्हैस धुतली. मला म्हणाली, "उद्याच्याला तुझं डाक्टरपण पेटीत ठेव." ठेवणार नाही. त्याच्याच जोरावर तर लग्न जमणार आहे.

संकल्प: कमी बोलायचं, हसायचं, काहीही झालं तरी घाबरायचं नाही.

२७ एप्रिल, संध्याकाळी
प्रसंग आला. नीट लिहून ठेवतो, पुढे कुणी विचारलं तर.

बद्रीनाथराव आणि रामकिसनमामा वेळेवर आले. घर पसंत, बोअरचं पाणी पसंत, आमरस फारच पसंत. मी हृदयाच्या चार कप्प्यांवर थोडक्यात बोललो. बद्रीनाथराव म्हणाले, "पोरगं हुशार हाय की." हे रामकिसनमामांनीही ऐकलंय.

जेवून बद्रीनाथराव लिंबाखाली बाजेवर आडवे झाले, तोंडावर टॉवेल घेतला आणि घोरू लागले. मी उशाशी बसून होतो. एकाएकी घोरणं बंद. पोट हलेना. टॉवेल जराही उडेना.

मी घाबरलो नाही. बाजेवर सीपीआर चालत नाही, खाली कडक जागा लागते, म्हणून आधी त्यांना ओढून जमिनीवर घेतलं. मग कोपर ताठ, सगळं वजन हातांवर. दुसऱ्याच दाबाला कट्ट आवाज आला आणि ते ओरडले, "आरं मेलो, मेलो!" मेलेला माणूस असं म्हणत नाही, म्हणजे शुद्ध आली. मी तसं मोठ्याने जाहीर केलं. हात मात्र सवयीने आणखी थोडा वेळ चालू राहिले. शेवटी आईने शर्टाला धरून मागे ओढलं.

त्यांना जीपमधून बीडला नेलं, दिपालीच्याच हॉस्पिटलात. मला जीपमध्ये घेतलं नाही. जागा नसेल.

२८ एप्रिल
बरगडीला तडा. सर व्हिडिओत स्वतः सांगतात, सीपीआर देताना बरगडी मोडू शकते, घाबरू नका. डॉक्टर म्हणे म्हणाले की बद्रीनाथरावांना घोरताना मधेच श्वास अडकायचा आजार आहे, श्वास आपोआप परत सुरू होतो. म्हणजे आजार माझ्यामुळेच सापडला. याबद्दल अजून कुणी आभार मानलेले नाहीत.

२९ एप्रिल
आई नको म्हणत असताना तिच्याबरोबर भेटायला गेलो. नारळपाणी, बिस्किटपुडे.

दिपालीला पहिल्यांदा समोर पाहिलं. झेरॉक्समध्ये ती जरा काळपट आली होती, तो मशीनचा दोष. तिने एकच विचारलं, हळू आवाजात, "आधी त्यांना हाक मारली व्हती का?" मी हृदयाच्या डाव्या कप्प्याचं काम सांगायला सुरुवात केली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी म्हणालो, वेळ नव्हता. ती म्हणाली, "हाक मारायला किती वेळ लागतो?"

मग तिने वडिलांना द्यायचं इंजेक्शन भरलं. सुई बरीच मोठी होती. खोलीत हवा कमी होती.

पुढचं उद्या लिहितो.

३० एप्रिल
आनंदाचा दिवस.

काल डोळे उघडले तेव्हा मी फरशीवर होतो, पाय खुर्चीवर. शेजारी दिपाली गुडघे टेकून बसलेली. तिचा हात माझ्या खांद्यावर. "सोमेश्वर! सोमेश्वर, ऐकू येतंय का?" मी "ओ" म्हणालो. मग तिने माझं मनगट धरलं, चांगलं बराच वेळ. पलंगावरून बद्रीनाथराव म्हणाले, "आता ह्याच्या बी छातीवर बसा रे कुणीतरी." ती आईला म्हणाली, "नाडी चांगली हाय. घरी न्या."

पण तो आवाज. आई मला सोम्या म्हणते. गिऱ्हाईकं "ओ झेरॉक्स" म्हणतात. माझं पूर्ण नाव इतक्या काळजीने आजवर कुणी घेतलं नाही. असा आवाज मनात काही असल्याशिवाय निघत नाही. आज दिवसभर कानात तोच होता. एकाचं आधार कार्ड दुसऱ्याला देऊन बसलो.

लग्न ठरल्यावर सासऱ्यांची माफी मागायची. आधी नाही, चुकीचा अर्थ काढतील.

४ मे
रामकिसनमामांचा फोन. "त्ये नगं म्हणतेत." मी विचारलं, वडील ना? ते म्हणाले, "वडील तर आमरसाचं नाव काढत व्हते. पोरगीच नगं म्हणली."

शक्य नाही. घरच्यांचा दबाव असणार. तिने मला कशी हाक मारली ते मामांनी ऐकलेलं नाही. मी ऐकलंय.

आईने रात्रीच्या जेवणाला फ्रीजरमधून उरलेल्या रसाचा डबा काढला. दोघांनाही गेला नाही.

७ मे
दुकान रिकामं. व्हिडिओ चालूच होते. एक संपला आणि सीपीआरचा पहिला भाग आपोआप लागला. बंद करणार होतो.

जमिनीवर एक रबरी बाहुला पडलेला. एक नर्स येते, गुडघे टेकते, त्याच्या खांद्यावर हात ठेवते आणि हाक मारते. "ऐकू येतंय का? ऐकू येतंय का?" तोच आवाज. तितकीच काळजी. मागे घेऊन पुन्हा पाहिलं. मग ती त्याची नाडी बघते. सर सांगतात, हे प्रत्येक पेशंटला करायचं, ओळखीचा असो वा नसो. नाव माहीत असेल तर नाव घ्यायचं.

पप्पूने न सांगता चहा आणून ठेवला. साखर होती.

व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. बाहुला काहीच बोलला नाही. मी निदान "ओ" तरी म्हणालो होतो.