स्वयंपाकघराचं दार

प्रिय इनगुन,

नवा खुबा बसला. उद्यापासून चालवणार आहेत. इथली इस्पितळातली कॉफी म्हणजे कोमट गढूळ पाणी. एरवी तक्रार नाही. मेंढ्या शेजारचा क्नुट बघतोय. काल तुरुंगातला अधिकारी टेरिए भेटून गेला. ऑडवारला खुल्या तुरुंगातून पुन्हा बंद तुरुंगात पाठवायचं का, ते गुरुवारी ठरणार आहे. म्हणून लिहितेय. पत्रात तुला मध्येच बोलता येत नाही, हा त्याचा फायदा.

गेल्या शरदात तुरुंगाच्या गाडीनं त्याला मेंढ्यांच्या कामासाठी पहिल्यांदा फाटकाशी सोडलं. सोबत पहारेकरी नाही. अटी दोनच: चारला परतीच्या गाडीसाठी फाटकाशी हजर राहायचं आणि घरात पाऊल टाकायचं नाही. मारामारीत आपल्या हातून माणूस मेला, हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं. मी म्हटलं, "ते न्यायाधीशांनी बघितलंय. तू मेंढ्या बघ." थोड्या वेळानं गेले, तर हा मेंढवाड्याच्या दाराबाहेर हात लोंबकळत उभा. दार नुसतं लोटलेलं.

"अरे, कुणाची वाट बघतोयस? राजाची?"

तो ओशाळला. "बाई, नऊ वर्षं मी दार उघडलेलं नाही. दुसरं कुणी उघडतं, आपण थांबायचं. पाय आपोआप थांबतात."

हिवाळाभर हेच. मी खिडकीतून "दार!" म्हणून ओरडायची, तो "उघडतो, साहेब!" म्हणून हसायचा. तपकिरी चीज लावलेला पाव पायरीवर बसून खायचा. बर्फ पडत असताना आत बोलावलं, तरी "अट आहे, बाई" म्हणायचा.

त्या मंगळवारी मी स्वयंपाकघरात घसरले. उठता येईना. हाक ऐकून तो धावत आला आणि दाराबाहेर थांबला. काचेतून त्याचा चेहरा दिसत होता, पांढराफटक. मी ओरडले, "दार!" या वेळी तो हसला नाही. दाराची मूठ फिरली.

पुढचं तुला अर्धंच माहीत आहे. रुग्णवाहिकेतल्या लोकांनी माझ्या औषधांची नावं विचारली. चिठ्ठी पर्समध्ये होती. पर्स टेबलावर उपडी कर, असं मीच त्याला सांगितलं. मला नेल्यावर त्यानं तुरुंगात फोन करून गाडी चुकल्याचं कळवलं आणि चुलीशेजारच्या खोक्यातल्या दोन पोरक्या कोकरांना दूध पाजत बसला. तू बर्गनहून पोचलीस, तेव्हा तुला दिसली उपडी पर्स आणि परका माणूस. घाबरलीस, त्यात नवल नाही. चोर म्हणालीस. तो गप्प राहिला. मी भुलेखाली होते. तू विचारणार तरी कुणाला?

उशीर आणि घरात शिरणं टेरिएनं मनावर घेतलेलं नाही. अडलंय ते तुझ्या चोरीच्या तक्रारीवर. घरच्या माणसाची तक्रार असली की उरलेली तीन वर्षं आत. ती मी मागे घेते म्हटलं, तर चालत नाही म्हणाला. जिनं केली तिनंच घ्यायची. तेव्हा पत्र मिळताच त्याला फोन कर. टेरिए सांगत होता, त्या दिवसापासून ऑडवार जेवणघराच्या उघड्या दाराशीही थांबतो, कुणी आत ये म्हणेपर्यंत. मला इथून ओरडता येत नाही. तू ओरड.

तुझीच,
जिची हाक त्यानं ऐकली ती,
आई