राहून गेलेला ताळा

डिंडोली, सुरत

तीर्थरूप अप्पा,

हर्षदाचा वाकून नमस्कार. मी बरी आहे, डबा वेळेवर येतो. तुमच्यासाठी अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

पीएच.डी.चं तिसरं प्रकरण सरांनी परत दिलं. त्रिकोणी मॅट्रिक्स होती: तिरप्या ओळीत दोन ठोकळे, खाली शून्यं, वर कोपऱ्यात तिसरा ठोकळा. मी दोन्ही ठोकळ्यांची जॉर्डन रूपं, म्हणजे त्यांची सर्वांत साधी रूपं, वेगवेगळी काढून मांडली आणि कोपरा सोडून दिला. ठोकळ्याची जी खास संख्या असते, आयगेनव्हॅल्यू, ती दोघांत सामाईक नसती तर ते चाललं असतं. इथे एक होती, आणि कोपऱ्यानं सगळं उत्तर बदललं. आठ महिने गेले, अप्पा. आता वही उघडायचाही कंटाळा येतो.

शाळेत तुम्ही प्रत्येक गणिताखाली ताळा करायला लावायचात. उलट गुणून बघितलं असतं तर मला पहिल्याच दिवशी कळलं असतं.

तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं, असं आई फोनवर सांगते. तुम्ही मात्र फोनवर येतच नाही. या पत्राचं उत्तर आईकडून लिहून घेऊ नका. तुमच्या हातच्या दोन ओळी येऊ द्या, वाकड्या आल्या तरी चालतील. या वेळी मला ताळा केल्याशिवाय पुढे जायचं नाही.

तुमचीच विद्यार्थिनी,
हर्षदा