उन्हात नको, रीमा

शुगर लँड, टेक्सस

चि. सिंधू,
दादाचे इथल्या उन्हासारखे भरभरून आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. भाऊजींचा गुडघा कसा आहे?

अगं, आज किती लिहू असं झालंय! काल आपली नात रीमा मैत्रिणीबरोबर अंगणात खेळत होती. मी ओरडलो, "उन्हात नको गं, काळी पडशील!" मैत्रीण झोई कृष्णवर्णीय. तिनं अर्थ विचारला, रीमानं सांगून टाकला. झोई खेळ टाकून घरी गेली.

संध्याकाळी मी तिच्या घरी जाऊन मोडक्या इंग्रजीत माफी मागितली. तिची आई म्हणाली, "बसा. आता खरंच बोलू या."

दुकानात पहारेकरी चोरीच्या संशयानं झोईच्याच मागे फिरतो, हे तिनं सांगितलं. लग्नाच्या जाहिरातीत आम्ही 'गोरी हवी' छापतो, हे मी सांगितलं. दोन तास बोललो, सिंधू! शाळेत सावळ्या मेघांच्या कविता घोळवणारा मी, माणसं मात्र रंगावरून निवडत आलो. निघताना झोई म्हणाली, "उद्याही या."

तुला मी 'काळुंद्री' म्हणायचो आणि तू हसायचीस. खरंच हसू यायचं का गं? माझी भीड न धरता लिही.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
दादा