घरच्या खुणा

३ नोव्हेंबर
वसतिगृह, दुसरा मजला

प्रिय ताई,

खुशालीचं सगळं नेहमीसारखंच धर. मी बरी आहे, जेवण बेताचं आहे, थंडी पडायला लागली आहे.

कॉलेजला निघताना तू दारात सँडलचा पट्टा लावत म्हणाली होतीस, "आता आईचे कान तू." मी दहा वर्षांची होते. मला तो केवढा मान वाटला! दिवसभर दाराशी बसून राहिले, कुणी हाक मारतंय का ऐकत. दूधवाला आला तशी धावत जाऊन आईच्या खांद्यावर टपली मारली आणि हातांनी दुधाची धार काढून दाखवली. आई खूप हसली. ते बघायला तू नव्हतीस.

फोनवर तू "हं, हं" करतेस आणि मग "ठेवते गं, काम आहे" म्हणतेस, म्हणून लिहिते आहे. पत्र मधेच ठेवता येत नाही. येतं म्हणा, पण लिहिणाऱ्याला ते कळत नाही, एवढंच.

आधी कॉलेजचं सांगते. पहिले काही आठवडे मी वेड्यासारखी वागले. तुझंही असंच झालं होतं का? तू कधी बोलली नाहीस. खोलीतली मुलगी माझ्याकडे पाठ करून वाचत होती. तिला हाक मारायची म्हणून मी जमिनीवर पाय आपटला. ती वळली नाही, म्हणून आणखी जोरात आपटला आणि दिव्याचं बटण चालू-बंद केलं.

"अगं ए, बहिरी नाहीये मी! तोंड दिलंय ना देवानं?"

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या मुली भांडायला वर आल्या. तेव्हापासून मी भूकंप. "भूकंपबाई, बादली घेऊ का तुमची?" असं चालतं.

प्रयोगशाळेत तर कहरच केला. वनस्पतिशास्त्राचे सर फळ्यावर आकृती काढत होते आणि मला शंका होती. मी सरळ उठून गेले आणि त्यांच्या खांद्यावर टपली मारली. त्यांच्या हातातला खडू पडला.

"काय गं, शंका विचारायला आलीस की अटक करायला?"

वर्ग हसला, मीही हसले. आपल्या घरात ज्याच्याशी बोलायचं त्याला आधी हात लावायचा असतो, हे सगळ्या वर्गासमोर कसं सांगणार? खोलीतल्या मुलीला मात्र सांगितलं. ती म्हणाली, "मग आता मला पण शिकव ना." आता परीक्षेच्या अभ्यासाला बसलो की आम्ही हातांनी गप्पा मारतो. वॉर्डनबाई म्हणतात, या खोलीतल्या मुली किती शांत आहेत.

आणि ताई, मला इथे जमायला लागलंय. खोडाचे पापुद्र्यासारखे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे असतात. ब्लेड जरा हललं की काप जाड होतो आणि आत काही दिसत नाही. माझे काप सरांनी सगळ्यांना दाखवले. "हात कुणाकडून घेतलास?" म्हणाले. मी नुसतीच हसले.

पण मी फार दमले आहे गं.

आईचे कान मी इथे घेऊन आले आहे, ते घरी ठेवून येता येत नाहीत. घरमालक आला की शेजारच्या काकू मला व्हिडिओ फोन लावून तो आईसमोर धरतात. गणवेशाच्या दुकानातून आईनं शिवलेलं काजांचं काम परत आलं, की पुन्हा फोन. तास सोडून मी जिन्यात उभी राहते, फोन खिडकीत टेकवते आणि त्या छोट्या काचेत हात हलवत बसते. येणारेजाणारे बघतात. माझी हजेरी इतकी कमी झाली आहे की सरांनी बोलावून सांगितलं, "प्रात्यक्षिक परीक्षा चुकली तर वर्ष गेलं समज. मग माझ्याकडे रडत येऊ नकोस." ते वाईट नाहीत. खरं तेच बोलले.

काजांचं काम परत का येतं, हे तू विचारशील. नाही विचारणार तू, पण सांगते. आईला बाजूचं दिसत नाही. दाराच्या चौकटीला आपटते. मी सुट्टीत गेले होते तेव्हा तिच्या शेजारी बसून हात हलवले, तर तिला कळलंच नाही. अगदी समोर जावं लागलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे काकू घेऊन गेल्या होत्या. मी फोनवर होते. डॉक्टर घाईत बोलले. अंधार कडेकडून वाढत आत येणार, औषधानं कमी वेगानं येईल, पण गेलेलं परत मिळणार नाही. आई काचेतून माझ्याकडे बघत होती. तिनं भुवया उंचावल्या, म्हणजे, काय म्हणतात?

मी हातांनी चष्मा केला. नंबर वाढलाय म्हणाले, असं सांगितलं.

तिनं मान डोलावली आणि डॉक्टरांना नमस्कार केला. मी आजवर तिला वाईट बातम्या सांगितल्या, शिव्यासुद्धा सांगितल्या, पण खोटं कधी सांगितलं नव्हतं. तिला दुसरे कान नाहीत ना गं. आणि डोळे गेले तर मग आपले हात तिला कुठून दिसणार?

पंधरा तारखेला तपासण्यांचे कागद घेऊन डॉक्टरांनी पुन्हा बोलावलंय. घरचं माणूस समोर हवं, फोन चालणार नाही म्हणाले. त्याच दिवशी, त्याच वेळी माझी प्रात्यक्षिक परीक्षा आहे.

बाबांच्या शेवटच्या आजारात मी पाच वर्षांची होते, पण एक आठवतं. दवाखान्यातल्या बाकावर मी बसले होते. डॉक्टर वाकून तुझ्याशी काहीतरी बोलले आणि गेले. तुझे हात फ्रॉकच्या खिशात होते. आई तुझ्या खिशांकडे बघत उभी होती, लोक तोंडाकडे बघतात तशी. किती तरी वेळ तू हात बाहेरच काढले नाहीस. तेरा वर्षांची होतीस तू. मला वाटायचं, तू कॉलेजच्या नावाखाली पळून गेलीस. आता इथल्या जिन्यात उभी असताना वाटतं, कुणीही गेलं असतं.

आपल्या घरच्या खुणांमध्ये "आता इलाज नाही" याला खूणच नाही. मी आठवून पाहिलं, आरशासमोर करूनही पाहिलं. तेव्हा तू काय केलं होतंस?

हे तू सांगणार नाहीस, आणि पुढचंही ऐकणार नाहीस, ठाऊक आहे मला. "परत मला त्यात ओढू नकोस," हे तुझं वाक्य मी तयारच ठेवलं आहे. तू आली नाहीस तर मी परीक्षा सोडून जाईन. ही धमकी नाही, दुसरं कुणी नाही म्हणून जाईन.

तरी विचारते. पंधरा तारखेला सकाळी आईबरोबर जाशील? खरं सांग तिला, मी खोटं सांगितलं होतं तेही सांग. फक्त अगदी समोर उभी राहा, आणि हात खिशातून लवकर काढ.

तुझी धाकटी